लेकराची वेगळी खोली

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील, नसतील तर जेवता जेवता ऐका. तीन-चार वर्षांचं लेकरू त्याच्या खोलीत कसं झोपवायचं, याच्यावर आज बोलू.

आता कोणी म्हणेल, आपल्या खेड्यात कसली बाप्पा वेगळी खोली, आपण तर सगळे एका ओळीत झोपून मोठे झालो. खरंच आहे ते. पण घरकुलात दुसरी खोली निघाली, घरात लहानं बाळ आलं, ते रात्रीतून चारदा रडते आन् मोठ्याची झोप मोडते, मग विषय निघतोच. आजीजवळ मजेत झोपत असेल तर झोपू द्या, काही बिघडत नाही. आन् वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला वेगळ्या खोलीत टाकूच नका, ते आईच्याच खोलीत पाहिजे, फक्त अंथरूण त्याचं वेगळं.

खोली पहिले नीट पाहून घ्या. पाऊस लागला की मण्यार घरात शिरते, हा साप रात्रीच फिरतो आन् खाली झोपलेल्या माणसाला चावतो, बरेचदा दुखतही नाही आन् खूणही दिसत नाही. म्हणून लेकराला बाजेवर झोपवा, बाज भिंतीपासून थोडी दूर, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. लेकरू सकाळी पोट दुखते म्हणते आन् त्याच्या पापण्या खाली पडून राहिल्या, असं दिसलं तर घरगुती इलाज नको, सरळ दवाखाना गाठा. कूलर अजून चालू असेल तर अर्थिंग तपासून घ्या, दरवर्षी उन्हाळ्यात कूलरच्या करंटच्या बातम्या येतात, एकटं लेकरू रात्री उठून हात लावेल का याचा विचार करा.

आता भीतीचं. दिवसभर आपणच म्हणतो, जेव नाहीतर बाऊ येईल, पोलीस घेऊन जाईल, आन् रात्री त्याच लेकराला म्हणतो जा अंधारात एकटा झोप. या वयात खरं काय आन् मनातलं काय हे त्याला नीट वेगळं करता येत नाही. तो बाऊ आधी घरातून काढा मग खोलीचं बोला.

सुरुवात दुपारच्या झोपेपासून करा, उजेड असतो, घरात आवाज असतात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल उशाशी पाहिजे म्हणते? ठेवा ना. जमलं की रात्री. पहिले बाजेवर त्याच्याजवळ बसा, काही दिवसांनी बाजूला खुर्चीवर, मग दाराशी, मग सपरीत. आतून आवाज येतोच, "आई, आहेस का?" आपण बाहेरूनच म्हणायचं, "हाव रे, भांडे घासून राहिली." पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांगा, त्याला आवाजच पाहिजे असतो.

रात्री उठून आलं तर रागावू नका, गप्पाही नको, हात धरून परत नेऊन झोपवा. खरी अडचण इथं आपल्या घरातलीच असते, माय परत नेते आन् आबाजी म्हणतात ये रे राजा इकडे. म्हणून आधी मोठ्यांनी बसून काय ते ठरवून घ्या. लाइन गेली तर चार्जिंगचा लाइट त्याच्या हाताशी ठेवा, तो लावायचा कसा ते दिवसाच शिकवा. मोबाइल झोपायच्या तासभर आधी बंद, यावर मात्र सूट नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं, तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप पाहिजे. मालिका संपेपर्यंत जागवलं तर एवढे तास आणणार कुठून?

काही लेकरं झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत एकदम किंचाळून उठतात, डोळे उघडे पण आपल्याला ओळखत नाहीत. ती बाहेरची बाधा नाही, ती अर्धवट झोप आहे, बहुतेक वयानं जाते. हलवून उठवू नका, पडू देऊ नका, जवळ थांबा, सकाळी त्याला काही आठवतही नाही. पण रोज तोंड उघडं ठेवून जोरात घोरत असेल तर डॉक्टरला दाखवा.

ताप आला की जवळ घ्या, त्यात काही हट्ट नको. मामाच्या गावाहून आलं की दोन-चार दिवस पुन्हा रडेल, मग परत दाराशी बसण्यापासून सुरू करा.