दोन काळे ‘एल’

(छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मागे उभे आहात ते पुढे या. पहिली रांग नेहमी रिकामी राहते, लग्नात आणि व्याख्यानातही. लग्नात निदान ती व्याह्यांसाठी राखून ठेवलेली असते, इथे तसंही काही नाही.

आजचा विषय पत्रिकेवर छापलाय : फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांनी ओळखी कशा वाढवाव्यात, ऑनलाइन समूहांत आणि गावातल्या क्लबात. आधी तिथे ‘नेटवर्किंग’ होतं, मी ते काढायला लावलं. मी लग्नाचे फोटो काढून संसार केला. आमच्या धंद्यात ओळखीला ओळखच म्हणतात. ‘हा आपल्या ओळखीतला फोटोवाला’ या एका वाक्यावर माझं घर तीसेक वर्षं चाललं.

तर विषयाकडे येतोच. आधी एक गोष्ट सांगतो, छोटी आहे. (हशा) हसताय कशाला? माझी बायको पण अशीच हसते.

साल १९८६. मी कॉलेजात, कॅमेरा मित्राचा, रोल मात्र स्वतःच्या पैशाचा. ३६ चा एक रोल घेतला की महिनाभर चहा दुसऱ्याच्या खिशातून. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली तेव्हा मी दिवे घाटात जाऊन बसलो. आज त्या वळणावर वारकऱ्यांपेक्षा लेन्स जास्त दिसतात, तेव्हा आम्ही चार-पाच जण असू. डार्करूम म्हणजे आमचं न्हाणीघर. झरोक्याला काळं कापड, पाटावर उसना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र, लाल बल्ब, आणि दर दहा मिनिटांनी दारावर आईची थाप : ‘अरे, घरात अजून कोणाला आंघोळ करायची आहे की नाही?’ त्यातून १२ बाय १५ इंचांचा एक प्रिंट निघाला. काय नव्हतं त्यात! घाट होता, ढग होते, दिंडी, पताका, रथाला लावलेल्या जादा बैलजोड्या, डोक्यावर तुळस घेतलेली बाई. मला वाटलं, झालं, आता क्लबवाले खांद्यावर घेणार.

क्लब भरायचा एका शाळेच्या वर्गात. बाक पाचवीच्या मुलांचे, गुडघे हनुवटीला लागायचे. तिथे एक काका होते, बँकेत कॅशियर. त्यांनी माझा प्रिंट टेबलावर ठेवला आणि शर्टाच्या खिशातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन ‘एल’ काढले. तुमच्यापैकी कुणी पाहिलेत? नाही ना. काटकोनात कापलेल्या दोन पट्ट्या. एकीवर दुसरी उलटी ठेवली की मधे चौकट होते, आणि सरकवाल तशी ती लहानमोठी होते. तुम्ही आज बोटाने क्रॉप करता ना, त्याचे हे आजोबा.

काका सरकवू लागले. पहिल्यांदा आभाळ गेलं. मग घाट गेला. मग बैल गेले, ज्यांच्यासाठी मी दोन तास उन्हात बसलो होतो. वर्गात फक्त पंख्याची घरघर. चौकट शेवटी काडेपेटीएवढी उरली, आणि तिच्यात काय होतं? तुळशीवाल्या बाईचा पदर आणि तो मुठीत घट्ट धरलेला एका पोराचा हात. तो हात मी पाहिलाच नव्हता! फोटो मी काढला, धुतला मी, दोरीवर वाळत मी घातला, आणि पोर काकांना दिसलं. ते म्हणाले, ‘हा फोटो काढायला गेला होतास. मग बाकीचं एवढं सामान कशाला आणलंस?’

चांगला म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, ‘रविवारी प्रदर्शनाचे माउंट कापायचेत. ये.’

रागाने जाणार नव्हतो, पण गेलो. साठ माउंट कापायचे होते, म्हणजे फोटोभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटी. स्टीलची पट्टी, ब्लेड, आणि कड तिरकी कापायची. पहिले चार मी फुकट घालवले. तिथे कळलं की माउंटची खालची पट्टी वरच्यापेक्षा थोडी रुंद ठेवायची, चारही बाजू सारख्या ठेवल्या तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. माझ्या शेजारी एक स्टुडिओवाले कापत बसले होते, तोंडात पान, त्यामुळे दिवसभरात बोलणं शून्य. तीन महिन्यांनी त्यांचा पोऱ्या आजारी पडला आणि निरोप आला : उद्या लग्न आहे, दुसरा फ्लॅश धरायला ये. माझी पहिली कमाई ती. मंडळी, त्यांनी माझा एकही फोटो पाहिलेला नव्हता. पोरगा माउंट सरळ कापतो, एवढंच पाहिलं होतं.

माझं म्हणणं सगळं यात आलं. आता घरी गेलात तरी चालेल. चहा आहे म्हणून थांबा.

आणि असं क्लबात एकत्र जमणं हे काही आमच्याच वेळचं खूळ नाही. १८३९ साली फोटोग्राफी जगासमोर आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. कलकत्ता, मद्रास दोन वर्षं मागे. आता या गोष्टीचा मला उगाच अभिमान वाटतो, जसा मीच तिथे सतरंजी घातली होती. त्यात आपले भाऊ दाजी लाड होते, त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते, जे स्वतः फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर हरिश्चंद्र चिंतामण तिथलेच. हे लोक एकत्र का आले? गोडी होतीच, पण गरजही होती. तेव्हा फोटो काचेवर घेत, तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट रसायन लावून, आणि ती काच ओली आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, सगळं उरकावं लागे. रसायनं महाग, हात काळे व्हायचे, आणि काच का काळवंडली हे सांगायला शेजारी कुणीतरी लागायचा. एकट्याचं ते कामच नव्हतं.

आता तुमचं काम एकट्याने होतं. इथेच घोळ आहे. कॅमेरा खिशात, लॅब खिशात, प्रदर्शनही खिशात. शेजारच्याची गरज उरली ती फक्त ‘वा’ म्हणण्यापुरती. मी एका मोठ्या समूहात आहे, नाव सांगत नाही. रोज सकाळी पन्नास फोटो, आणि प्रत्येकाखाली ‘अप्रतिम टिपलंय’. एकदा चष्मा नव्हता, मी चुकून तिथे विजेच्या बिलाचा फोटो टाकला. अकरा अंगठे आले. दोन ‘अप्रतिम’. आणि एकाने लिहिलं, ‘टोन सुंदर’. (हशा) बिल खरंच सुंदर नव्हतं हो, तो मे महिना होता.

पण उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा तक्रार करायला आलाय. आमच्या क्लबात तेव्हा एकही बाई नव्हती, आणि ते आम्हाला खटकलंही नाही. ज्याच्या गावात क्लब नाही, जिला रात्री नऊला मीटिंगहून घरी परतायला एसटी नाही, त्यांना फोनवर तरी दार उघडलं. हे मी मानतो.

चिठ्ठी आली. ‘सहा मिनिटे.’ खाली दोन रेघा मारल्यात. बरं, मग पत्रिकेतला विषय आता आटपतो, लिहून घ्या.

क्लब शोधा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे, ठाण्यात फोटो सर्कल आहे, तुमच्या गावातही काहीतरी असेल. नसेल तर चौघे मिळून एखाद्याच्या गच्चीवर भेटा, घटना-नियमावली नंतर लिहा. जाताना मोबाइल दाखवत जाऊ नका, एकच प्रिंट न्या. आणि कुणी सांगायच्या आत खुर्च्या मांडायला लागा. भिंतीवर खिळे ठोकणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

सलोन, म्हणजे फोटोंची स्पर्धा-प्रदर्शनं, केस कापायचं नव्हे. फियाप ही फोटोग्राफीची आंतरराष्ट्रीय संघटना १९५० ची, आपलं फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ चं, त्यांच्या मान्यतेच्या स्पर्धांत फोटो निवडून येतात, नावापुढे किताबाची अक्षरं लागतात. जरूर पाठवा, शिस्त लागते. मात्र परीक्षक काही सेकंद बघून गुण देतो आणि पुढे जातो, तो तुमच्या ओळखीचा होत नाही. नियम वाचा. पुष्कळ ठिकाणी भाग घेतानाच फोटो वापरायचा हक्क तुम्ही देऊन मोकळे होता.

ऑनलाइन. आपला एक फोटो टाकण्याआधी दुसऱ्यांच्या दहा फोटोंवर लिहा. ‘छान’ लिहायचं नाही. माझी नजर आधी कुठे गेली, कुठे अडखळली, ते लिहा. महिनाभरात तुमच्यासारखे तिघे-चौघे सापडतात, त्यांचा वेगळा छोटा गट करा. आपला फोटो टाकताना प्रश्न नेमका विचारा : ‘कसा वाटला’ नको, ‘उजवीकडचा खांब काढू का’ हवा. व्हॉट्सअॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो आवळून त्याचा लगदा होतो, आणि मग लोक नसलेल्या चुका काढतात. पक्ष्याच्या घरट्याचं ठिकाण कधीही टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा भरते.

पैसे. ओळखीच्या माणसाचं काम असेल तरी चार ओळी लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, दुसऱ्याने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. हे मला लग्नाच्या धंद्यात पंधरा वर्षं घालवल्यावर एका गिऱ्हाइकाने, वकील होता तो, ऐकवलं.

संयोजक उभे राहिले, म्हणजे माझी बसायची वेळ झाली. प्रश्न खाली चहाजवळ. ज्यांनी प्रिंट आणलेत त्यांनी बशा बाजूला सारून टेबल पुसून ठेवा. काकांचे ‘एल’ आता माझ्याकडे असतात, आज खिशात आहेत.