आजोबांचा एक्स-रे आणि 'हर्र बोला हर्र'

(दोरीवर वाळणारे पांढरे टी-शर्ट. पाठीमागे यंत्रमागाचा खडखडाट.)

१२व्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा संक्रांतीला भरते, आणि सोलापूर पांढरं होतं. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांची बाराबंदी (बंदांचा अंगरखा) पांढरी. या घरातल्या मुलांचे टी-शर्टही पांढरेच, फक्त छातीवर आज अक्षरं येणार आहेत. छापून देणारे गावात पुष्कळ. हजारोंनी गणवेश शिवणाऱ्या शहरात सहा शर्ट म्हणजे काय! पण हे घरीच करायचं ठरलंय.

शर्ट काल धुतले. खळ निघाली नाही तर रंग वरच्यावर बसतो आणि पुढे त्याचे पोपडे निघतात. आत पुठ्ठा सरकवलाय, नाहीतर छातीवरचं पाठीवरही उमटेल.

(कटर, जवळून.)

स्टेन्सिल एक्स-रेच्या फिल्मचं. आजोबांचा गुडघा आहे तो. काठाला बघा, हाड अजून दिसतंय.

लिहायचंय यात्रेतला जयघोष, 'हर्र बोला हर्र'. 'ह' निघाला, 'र्र' निघाला. कटर अडतो तो 'ब'पाशी. 'ब' सरळ कापून काढला तर पोटातले दोन्ही तुकडे गळतात आणि कापडावर नुसता गोळा उमटतो. म्हणून प्रत्येक तुकड्याला दोन मिलिमीटरची पट्टी राखायची. घरात तिला पूल म्हणतात. इंग्रजी अक्षरांची स्टेन्सिलं दुकानात तयार मिळतात. हा 'ब' आपला आपणच कापावा लागतो.

(बशीत लाल रंग.)

फॅब्रिक कलरमध्ये पाण्याचा थेंब नाही. स्पंज बुडवायचा, आधी रद्दीवर टिपायचा, मग शर्टावर. नात जोर लावते तशी आजी ओरडते, "घासू नको गं, नुस्तं टिप की!" घासलं की रंग फिल्मखाली शिरतो आणि कड फुटते. पातळ दोन हात पुरतात. आता फिल्म सरळ वर उचलायची.

(निवेदन थांबतं. फिल्म उचलली जाते.)

दिवसभर वाळवून उलट्या बाजूनं इस्त्री, वाफ बंद ठेवून. उष्णतेनं रंग धाग्याला पक्का धरतो. एका शर्टाला घाई झाली, तो पहिल्याच धुण्यात पुसट झाला.

(संमती कट्टा. गर्दी.)

अक्षता सोहळ्याचा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा दिवस. तो या कट्ट्यावर होतो. सातही नंदीध्वज आलेत. बापाच्या खांद्यावर धाकटा आहे, पुसट शर्टात.

(पुढे निवेदन नाही. मूळ आवाज.)