रॉजर क्रेग आणि प्लेटपाशी खाली बसणारा बॉल

बेसबॉलमधला हा एक बॉल. आधी ग्रिप बघा, म्हणजे बॉल धरायची पद्धत. पहिलं बोट आणि मधलं बोट जमेल तेवढी फाकवायची, बॉल त्यात अडकवायचा आणि हात मात्र नेहमीच्या फास्टबॉलसारखाच जोरात फिरवायचा. बॅटरला वाटतं सरळ येतोय, तो बॅट फिरवतो आणि बॉल नेमका प्लेटपाशी, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीपाशी, खाली बसतो. हा स्प्लिट-फिंगर फास्टबॉल. क्रेगने तो शोधला नाही, ब्रूस सटर आधीपासून टाकायचा, पण शिकवावा तर क्रेगनेच.

क्रेग स्वतः पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. 1955 ला ब्रुकलिन डॉजर्सकडून आला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलमधली, पाचवी मॅच जिंकून दिली. मग 1962 ला न्यूयॉर्क मेट्स ही नवी टीम निघाली, इतकी कच्ची की 120 मॅच हरली, त्यातल्या 24 क्रेगच्या नावावर, कारण बेसबॉलमध्ये हार-जीत पिचरच्या नावावर लिहितात. पुढच्या वर्षी 22 हार, त्यात सलग 18! शेवटी त्याने जर्सीचा नंबर बदलून 13 घेतला, तिकडे जो अशुभ मानतात तोच, आणि 9 ऑगस्टला नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर आपले धावणारे उभे असताना त्याच्याच टीमच्या जिम हिकमनने होमरन मारला, एका फटक्यात चार रन, तेव्हा कुठे सुटका झाली. मला विचाराल तर एवढं हरूनही ज्याच्या हातात परत परत बॉल देतात तो पिचर वाईट नसतोच. 1964 ला कार्डिनल्सकडून त्याने पुन्हा वर्ल्ड सिरीजची मॅच जिंकून दाखवली.

पुढे कोचिंग. 1978 ला मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, म्हणून सॅन डिएगो पाड्रेसला पहिल्यांदाच हारपेक्षा जीत जास्त मिळवून दिली, 84-78. मग डेट्रॉइट टायगर्सचा पिचिंग कोच, तिथे पिचर जॅक मॉरिसच्या हातात स्प्लिटर, म्हणजे हाच बॉल, आला आणि 1984 ला टीम चॅम्पियन.

त्याच सीझननंतर ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा पिचर माइक स्कॉट त्याच्याकडे तो शिकायला आला. बिचाऱ्याचं वर्ष 5-11 गेलेलं, 5 जीत आणि 11 हार. पुढच्याच वर्षी 18-8!

1985 ला क्रेग सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा मॅनेजर झाला, 100 मॅच हरलेली टीम, तीच त्याने 1989 ला वर्ल्ड सिरीजपर्यंत नेली, भूकंप झाला तीच सिरीज. 2023 ला तो गेला, वय 93.

पण मला सारखा आठवतो 25 सप्टेंबर 1986. ह्यूस्टनमध्ये स्कॉटने अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट दिला नाही, म्हणजे बॉल मारून कुणालाच बेसवर पोचू दिलं नाही, 13 जण स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद, आणि ॲस्ट्रोजने डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. समोर जायंट्स होते. क्रेग डगआउटमधून, म्हणजे टीमच्या बाकावरून, बघत होता, आपणच शिकवलेला बॉल आपल्याच पोरांसमोर एकामागून एक खाली बसताना.