पहिल्या मुलाखतीला जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

आयटीआय पूर्ण करून पहिल्यांदाच नोकरीला अर्ज करणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचंय. आईवडिलांनीही ऐकावं, फक्त मधेमधे बोलू नये.

आधी कागद. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं असतं, आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव पहिलं असतं. ऑनलाइन अर्ज भरताना मुलं गुणपत्रिका समोर ठेवतात आणि 'फर्स्ट नेम'च्या चौकटीत आडनाव टाकून मोकळी होतात. पुढे पीएफच्या वेळी नाव जुळत नाही आणि हेलपाटे सुरू. तेव्हा अर्जात नाव आधारवर आहे तसंच. परत सांगतो, आधारवर आहे तसंच. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

बायोडेटा एका पानाचा पुरे. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा नको. त्यात सगळ्या तालुक्याचा छंद 'वाचन आणि क्रिकेट' असतो. एकाने तर रास आणि उंचीही लिहिली होती. अरे, नोकरी बघतोयस की मुलगी? कुठल्या मशीनवर काय काम केलंय, ते लिहा.

आता मुलाखत. इथे मला एक किस्सा सांगायचाच आहे, आमच्या विद्यार्थ्यांना तो पाठ झालाय तरी.

मी आयटीआयमध्ये निदेशक असताना गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी कॅम्पसला आली होती. मुलाखती आमच्या वर्कशॉपमध्येच. फिटर ट्रेडचा एक मुलगा आत आला. साहेब म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा." याने 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात केली. पाठ केलेलं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला संपलं आणि पोरगं पंख्याकडे बघत उभं.

साहेबांनी काही न बोलता टेबलावर एक शाफ्टचा, म्हणजे गोल दांड्याचा, तुकडा आणि बारीक माप घ्यायचा व्हर्निअर ठेवला. "व्यास सांग."

आधीच्या सगळ्या मुलांनी तुकडा व्हर्निअरच्या जॉमध्ये, म्हणजे जबड्यात, धरून लगेच सांगितलं होतं, 24.96 मिलिमीटर. याने खिशातून रुमाल काढला. जॉ पुसले. मग रिकामेच मिटवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. म्हणाला, "सर, याला झिरो एरर आहे. शून्य पुढे सरकलाय, दुसरी रेघ जुळतेय." म्हणजे जबडे मिटले तरी माप शून्य येत नव्हतं. लीस्ट काउंट, म्हणजे एका रेघेचं माप, 0.02 मिलिमीटर; दोन रेघा म्हणजे 0.04 जास्त दाखवतोय. मग त्याने माप घेतलं, 24.96 आलं, त्यातून वजा करून म्हणाला, "24.92."

साहेबांनी तो व्हर्निअर मुद्दाम आणला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

(जाता जाता, कित्येक ठिकाणी चांगली मापनसाधनं तपासणीच्या दिवसासाठी कपाटात कुलपात असतात. मुलांनी हात लावला की बिघडतात म्हणे! बिघडू देत की. त्याशिवाय झिरो एरर कसा कळणार?)

साहेबांनी विचारलं, "आधी रिकामा बघायची सवय कुणी लावली?" पोरगं एकदम खुललं, मराठीत. "आमचं किराणा दुकान आहे सर. रिकामा तराजू बघितल्याशिवाय आजी काही तोलूच देत नाही." मग दुकान, उधारीची वही, सुट्टीत केलेलं वेल्डिंगचं काम, थांबेचना.

साहेब हसले. "अरे, मघाशी हेच तर विचारलं होतं मी!"

तर मुलांनो, 'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर हे सांगायचं. घरी काय करता, हातांनी काय केलंय. पाठांतर नको. पुन्हा, पाठांतर नको.

वेळ कमी राहिलाय, भराभर सांगतो. शिकाऊ उमेदवारीला, म्हणजे अप्रेंटिसशिपला, कमी लेखू नका. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती चालते, विद्यावेतन मिळतं, आणि 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा, रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते. मूळ कागदपत्रं दाखवा, देऊन येऊ नका. मागितली तर झेरॉक्स द्या.

आणि 'डिपॉझिट भरा, नोकरी पक्की' असा फोन आला तर एक रुपयाही द्यायचा नाही. गणवेशाचे म्हणा, ट्रेनिंगचे म्हणा, नाही म्हणजे नाही. सरळ कंपनीच्या गेटवर जा आणि तिथे विचारा, असा माणूस तुमच्याकडे आहे का म्हणून.