तापीच्या वाळूतली अंडी आणि शहाद्याचा रानपिंगळा

राम राम मंडळी. सकाळचे साडेसहा वाजलेत. मी तापीच्या पात्रात उभा आहे आणि मुद्दाम लांब उभा आहे. माझ्या मागे त्या पांढऱ्या पट्ट्यावर पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा पक्षी बसलाय, बघा. हा नदी सुरय. त्याच्या पोटाखाली अंडी आहेत. काडीकचऱ्याचं घरटं नाही, नुसता वाळूत एक खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. आपण जवळ गेलो की तो उठेल, आणि एप्रिलच्या उन्हात उघडं पडलेलं अंडं फार वेळ तग धरत नाही. त्यामुळे आज कॅमेरा इथून पुढे जाणार नाही.

आपल्याकडचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा दुपारी माणूस ओट्यावर बसत नाही, आणि हा पक्षी तापल्या वाळूवर बसून असतो. अंडी गार राहावीत म्हणून तो नदीवर जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसतो. टिटवीही हेच करते. पण हे जमायला पाणी जवळ हवं. पात्र आटून डबकी लांब लांब गेली की फेरा वाढतो, आणि तेवढा वेळ अंडी उन्हात राहतात.

ऊन आपल्या हातात नाही. दुसऱ्या दोन गोष्टी मात्र आहेत. पहिली म्हणजे वाळू उपसा. घरटी करायचे महिने आणि नदी कोरडी म्हणून डंपर पात्रात उतरायचे महिने, दोन्ही एकच. दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे आवर्तन. उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटतं. ते सुटायलाच हवं. गावांना प्यायला लागतं, केळीला लागतं. पण अंड्यांचे साधारण तीन आठवडे आणि पिल्लं उडायला लागेपर्यंतचा आणखी महिना, यात एकदा जरी बेटावरून पाणी गेलं तरी त्या वर्षीची वीण संपली. गेल्या उन्हाळ्यात मी एका बेटावर सहा घरटी वहीत लिहून घेतली होती. आठ दिवसांनी गेलो तर तिथे गुडघाभर पाणी होतं. कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. तिथे घरटी आहेत हे पाणी सोडणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

नदी सुरय 2020 पासून धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे.

आता थोडं लांब, नंदुरबारकडे जाऊ. रानपिंगळा. गावातला पिंगळा तुम्ही ओळखता, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला, चिंचेच्या ढोलीत राहणारा. हा त्याचा सातपुड्यातला भाऊ. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, पोट पांढरं, आणि घुबडाच्या जातीचा असून दिवसाउजेडी सागाच्या फांदीवर बसून सरडे पकडतो. 1873 साली पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खान्देशातून त्याचे नमुने, म्हणजे पेंढा भरून जपलेले पक्षी, गोळा केले. 1884 नंतर मात्र काहीच नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून फक्त सात नमुने उरले.

मधल्या काळात लोकांनी शोधलं नाही असं नाही. पण रिचर्ड मेनर्ट्झहॅगन या नावाजलेल्या पक्षी-संग्राहकाने आपल्याला 1914 साली गुजरातमध्ये हा पक्षी मिळाल्याची नोंद करून ठेवली होती, आणि शोधणारे तिकडे जात राहिले. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी मेनर्ट्झहॅगनचा नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातून चोरून पुन्हा शिवलेला, डेव्हिडसनचाच जुना पक्षी निघाला! खोटी नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट खऱ्या नोंदींच्या मागे निघाले, आणि 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळ, दिवसाढवळ्या, रानपिंगळा समोर बसलेला होता. 113 वर्षांनी. नंतर तोरणमाळला, मेळघाटात, तानशाला तो सापडत गेला, म्हणून 2018 मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त'मधून एक पायरी खाली 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. तरी प्रौढ पक्षी हजाराच्या आतच धरले जातात. ढोलीची जुनी झाडं तुटली, वणवा लागला, जंगलाचा तुकडा शेतात गेला, की त्याची जागा गेली.

हा इतिहास आज का सांगतोय? कारण मला धास्ती आहे ती आपल्या चासची. चास, काही जण नीलपंख म्हणतात. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो. आमचे आप्पा दरवर्षी म्हणतात, "आते चास दिखत नही रे भो." आम्ही ऐकून सोडून देतो. पण 2023 च्या भारतातल्या पक्ष्यांच्या अहवालात हेच आलंय. चास देशभर कमी होतोय, आणि लाल यादीत त्याचा दर्जा पुन्हा तपासावा अशी शिफारस त्यात केली होती. तो तारेवर बसून खाली मोकळ्या जमिनीवरचे नाकतोडे, भुंगे टिपतो. कपाशीत फवारणी झाली की त्याचं ताट रिकामं. केळीच्या दाट बागेत त्याला जमीनच दिसत नाही. बांधावरचं वठलेलं झाड आपण सरपणाला नेलं की ढोली गेली. त्याच अहवालात मोर, कोकीळ, कबुतर वाढताना दिसतात. म्हणून शिवारात पक्ष्यांचा गलका ऐकू आला तरी तो कुणाचा आहे ते बघावं लागतं.

हा अहवाल कुठून आला? सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींतून. त्यात तुमच्या शिवाराची नोंद असेलच असं नाही. ती घालायला पदवी लागत नाही. पक्षी नोंदवायचं ईबर्ड हे ॲप फुकट आहे. सकाळी पंधरा मिनिटं बांधावर उभं राहायचं, ओळखू आलेले सगळे पक्षी लिहायचे, कावळा-साळुंकीसकट. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक गणना असते, 5 ते 12 नोव्हेंबर आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह असतो; सुरुवात तेव्हा करा किंवा उद्या करा. वाळूत घरटी दिसली तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. जागा आणि तारीख लिहा, आणि आवर्तनाच्या आधी ग्रामपंचायतीला, वन विभागाला, पाटबंधारेच्या माणसाला सांगा. मी यंदा मार्चमध्येच सांगून आलोय.

आणि एक लक्षात ठेवा. जे दिसलं तेवढंच लिहा. चास दिसला नाही, तर तुमच्या पूर्ण यादीत चास नाही ही सुद्धा नोंदच आहे. नंतर कुणीतरी ती शोधणार आहे.