लर्विकची फिडल: शेटलंडचा लोकसंगीत महोत्सव

(दृश्य: सकाळचा करडा समुद्र. बंदरात शिरणारी बोट.)

सकाळचे साडेसात. आदल्या संध्याकाळी ॲबर्डीनहून सुटलेली बोट लर्विकच्या धक्क्याला लागते आहे. थेट आली तर साडेबारा तास, ऑर्कनीतलं कर्कवॉल करून आली तर साडेचौदा. एप्रिल संपता संपता या बोटीवर फिडल, ॲकॉर्डियन, बँजोच्या पेट्या दिसू लागल्या की समजावं, महोत्सव आला. बोलावलेले कलाकार याच बोटीने येतात आणि वाजवायला सुरुवातही बोटीवरच होते.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, साठाव्या अक्षांशावरचा शंभरेक बेटांचा समूह. वस्ती आहे ती त्यातल्या सोळा बेटांवर. एकूण माणसं सुमारे 23 हजार, त्यातली सात हजार लर्विकमध्ये. 1469 पर्यंत ही बेटं नॉर्वेच्या राजाची होती. आजही इथल्या गावांची नावं आणि इथल्या चाली नॉर्वेशी नातं सांगतात.

1981 साली इथे लोकसंगीताचा महोत्सव सुरू झाला. चार दिवस चालणारा हा कार्यक्रम स्वयंसेवक उभा करतात. 2020 आणि 2021 ही कोरोनाची दोन वर्षं सोडली तर तो कधी चुकलेला नाही. बाहेरच्या कलाकारांची सोय इथल्या लोकांच्या घरी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महोत्सव लर्विकपुरता राहत नाही, तो बेटांवर वाटला जातो.

(दृश्य: गावातलं सार्वजनिक सभागृह. लाकडी जमीन, घडीच्या खुर्च्या, मागे स्वयंपाकघर.)

असं सभागृह शेटलंडमध्ये जवळजवळ प्रत्येक वस्तीला आहे. कधी येल, कधी अन्स्ट, कधी व्हॉल्सी, तिथे जाऊन कलाकार वाजवतात. येलला जायला मुख्य बेटावरच्या टॉफ्टहून वीस मिनिटांची फेरीबोट, पुढे अन्स्टला आणखी दहा मिनिटांची. ऐकायला सोपं वाटतं, पण कार्यक्रमाची वेळ ठरते ती शेवटच्या फेरीवरून. ती चुकली तर वादक, त्यांची वाद्यं आणि ध्वनियंत्रणा सगळं रात्रभर त्याच बेटावर, आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम भलतीकडेच. म्हणून गाडीत सामान भरण्याचा क्रमसुद्धा आधी ठरवलेला बरा: उतरताना जे आधी लागणार, ते शेवटी चढवायचं.

हवामान हा दुसरा घोर. पूर्वेकडून मोठ्या लाटा आल्या की ॲबर्डीन बंदराचं तोंड बंद होतं आणि बोट खोळंबते. विमानाने यावं म्हटलं, तर सम्बराचा विमानतळ समुद्राला अगदी खेटून. वसंतात तिथे धुकं उतरलं की विमानं थांबतात. त्यामुळे पहिल्याच रात्री ज्याचा कार्यक्रम आहे, त्याने आदल्या दिवशी पोचलेलं चांगलं.

(दृश्य: फिडलच्या खुंट्यांवर बोटं. मग घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, अगदी जवळून.)

आता मूळ विषयाकडे, म्हणजे फिडलकडे. वाद्य तेच, आपण व्हायोलिन म्हणतो ते. फरक तारा स्वरात जुळवण्यात आणि गजात आहे.

नेहमीच्या जुळणीत जाडीकडून बारकीकडे तारा येतात त्या जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य स्वरांच्या. शेटलंडच्या काही जुन्या चालींसाठी खालच्या दोन तारा एकेक पूर्ण स्वर वर चढवतात. जीचा ए होतो, डीचा ई. मग चार तारा होतात ए, ई, ए, ई. एला षड्ज धरा, म्हणजे हे सरळ सा-प-सा-प झालं. कर्नाटक संगीतात व्हायोलिन अशीच लावतात. शेटलंडला ही जुळणी उपयोगी पडली त्याचं कारण नाच. लग्नघरात पन्नास जोडे लाकडी जमिनीवर नाचताहेत, साथीला दुसरं वाद्य नाही, फक्त एक फिडल. अशा वेळी मोकळ्या तारा आपोआप घुमतात, आणि वादकाच्या हाताखालीच तंबोरा वाजत राहतो. एकट्या वाद्याला भरीवपणा येतो.

पण याची किंमत तारेला मोजावी लागते. तार एक स्वर वर नेली की तिच्यावरचा ताण सुमारे पाव पटीने वाढतो. जुनी तार असेल तर घोडीपाशी किंवा खुंटीपाशी तुटते. दोन तारा ताणल्या की घोडीवरचा भार बदलतो, आणि हात न लावलेल्या वरच्या दोन ताराही उतरतात. म्हणून क्रम असा: आधी जी, मग डी, हळूहळू. घोडी पुढे झुकली नाही ना ते बघायचं, झुकली असेल तर दोन्ही हातांनी सरळ करायची. मग चारही तारा परत जुळवायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. रंगमंचावर एवढा वेळ कोण देणार? जाणते वादक दोन फिडली घेऊन येतात, एक नेहमीच्या जुळणीची, दुसरी आधीपासून चढवून ठेवलेली.

गजाचंही तसंच. इथल्या रीलमध्ये, म्हणजे जलद नाचाच्या चालीत, गज वर जाताना जोर येतो, आणि तोही ठोक्यावर नाही, ठोक्याच्या मध्ये. नाचणाऱ्याचा पाय उचलला जातो तो या उलट्या जोरामुळे. नुसते स्वर पाठ करून आलेला पाहुणा वादक इथेच अडतो. चाल बरोबर वाजते, पण पाय हलत नाहीत.

(दृश्य: शाळेतली मुलं, हातात फिडल.)

हे सगळं टिकलं त्यात फिडलवादक टॉम अँडरसन यांचा वाटा फार मोठा. गावोगावच्या म्हाताऱ्या वादकांकडून त्यांनी चाली गोळा केल्या, 1960 मध्ये शेटलंडच्या वादकांचा मोठा समूह उभा केला, आणि 1970 च्या दशकात फिडल शाळेत नेली. ॲली बेन हे त्यांचे शिष्य, लर्विकमध्येच जन्मलेले. गिटारची साथ मात्र वेगळ्या वाटेने आली. विली जॉन्सन यांनी रेडिओवर अमेरिकन स्विंग जॅझ ऐकून प्रत्येक ठोक्याला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, बदलायची पद्धत बसवली. आज इथली जवळपास प्रत्येक गिटार त्यांच्या वाटेने जाते.

(दृश्य: ध्वनियंत्रणा लावणारी माणसं.)

लाकडी व्यासपीठावर एक खोड कायम असते. वादक पायाने ठेका धरतो, धक्का फळीतून माइकच्या स्टँडमध्ये शिरतो आणि स्पीकरमधून धप्प-धप्प येतं. उपाय साधा: स्टँडखाली जाड फोम, किंवा फिडललाच चिमट्याचा माइक. ॲकॉर्डियनला दोन माइक लागतात, उजव्या हाताच्या पट्ट्यांना एक आणि डाव्या हाताच्या खर्जाला एक. एकच लावला तर खर्ज तरी हरवतो, नाहीतर फिडलला झाकतो.

शेवटच्या रात्रीला फॉय म्हणतात. पाहुणे कलाकार एकाच संध्याकाळी लर्विकमध्ये एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धावतात, प्रत्येक जागी छोटासा कार्यक्रम करतात. एक गाडी अडकली की सगळीकडचा क्रम घसरतो. त्यामुळे ड्रम आणि पियानो जागेवरच ठेवतात, माणसं फक्त हातातलं वाद्य घेऊन हलतात.

जायचा विचार असेल तर बोटीतली केबिन आणि राहायची जागा तिकिटांच्याही आधी बघा. लर्विक लहान आहे, या दिवसांत भरून जातं. एक तरी रात्र गावाबाहेरच्या सभागृहासाठी ठेवा, परतीच्या फेरीची वेळ विचारून घ्या. मध्यंतरात खारवून धुरावर सुकवलेल्या मटणाचं सूप मिळालं तर सोडू नका. आणि माइकशिवाय कुणी वाजवणार असेल, तर रंगमंचाकडे तोंड करून डाव्या हाताच्या खुर्च्या धरा. फिडलचा दर्शनी भाग वादकाच्या उजवीकडे वळलेला असतो, आवाज त्याच बाजूला जास्त मोकळा येतो.