टच अँड गो

जुहूचं विमानतळ. समुद्र हाकेच्या अंतरावर, बाकी सगळीकडे इमारतींचा गराडा. १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारीला, जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

आज इथे वर्दळ हेलिकॉप्टरांची. पार्ल्या-अंधेरीतल्या बहुतेक पोरांना विमान शिकायचं तर बॅग भरून धुळे, बारामती नाहीतर गोंदिया गाठावं लागतं. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण हवं. त्यातले सुरुवातीचे कितीतरी तास जातात सर्किट मारण्यात. उडायचं, धावपट्टीला वळसा घालून उतरायचं, की परत उडायचं.

अपघात झाला की बातमी येते, 'शिकाऊ वैमानिकाचा ताबा सुटला.' कसा सुटला?

सेसना १५२ घ्या. ११० अश्वशक्तीचं, दोन माणसांचं विमान. दोघं बसले की खांद्याला खांदा घासतो. उतरताना विद्यार्थी फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, ३० अंशांपर्यंत खाली घेतो. हात भरून येऊ नये म्हणून ट्रिमचं चाक फिरवून नाक वर राहील अशी सोय करतो. चाकं टेकतात. थांबायचं नाही, थ्रॉटल पुढे ढकलून इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची आणि परत उडायचं! हाच टच अँड गो. पण फ्लॅप वर घ्यायचे राहिले, ट्रिम तसंच राहिलं, तर? पूर्ण ताकद मिळताच नाक आपणहून वर जातं. खाली आलेले फ्लॅप वेग धरू देत नाहीत. त्यात विमान डावीकडे ओढतं, नाक सरळ ठेवायला उजव्या पायाने रडरचं पेडल दाबून धरावं लागतं. वेग आणखी पडला की पंख हवेत तग धरत नाहीत. हाच स्टॉल. एक पंख कलंडतो आणि सावरायला उंचीच नसते.

सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, असेल तर शेजारची प्रशिक्षकाची सीट रिकामी. वजन कमी, म्हणून विमान नेहमीपेक्षा लवकर उचलतं. आणि 'अरे, फ्लॅप!' म्हणून ओरडायला कुणी नसतं.

काही प्रशिक्षक म्हणूनच नवख्याला टच अँड गो करू देत नाहीत. पूर्ण थांब, परत ये, चेकलिस्ट वाच, मग उड. यात वेळ जातो, पैसेही जातात, आणि विमानाच्या तासाचा दर काही थोडाथोडका नसतो. तरी ते जावेत, असंच आमचं मत.

गंभीर अपघाताचा तपास २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्युरोकडे असतो. पंख चेपले तरी फ्लॅप हलवणारा स्क्रू बऱ्याचदा जागेवर सापडतो. तो किती बाहेर आलाय ते मोजलं की त्या क्षणी फ्लॅप किती अंशांवर होते, ते कळतं.